अर्ध्या घराला लस : हाफकिन आणि उंढेरा

परळला ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांनी हाफकिन हे नाव पाटीवर हजारदा वाचलेलं असतं. कुणाला तो एखादा इंग्रज गव्हर्नर वाटतो, कुणाला औषधाची कंपनी. माझ्या एका मैत्रिणीला तर ती जर्मन डॉक्टरांची संस्था वाटायची. हाफकिन होते काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातले ज्यू. डॉक्टर नव्हतेच, प्राणिशास्त्र शिकलेले. त्यांच्या प्लेगच्या लशीचा जन्म मुंबईतला, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्या लशीची सगळ्यात कठोर परीक्षा आमच्या वडोदऱ्याजवळ, उंढेरा नावाच्या गावात झाली. गोरव्याच्या पलीकडे, रिफायनरीच्या बाजूला असलेलं हे गाव आता शहरातच जमा झालंय. वडोदऱ्यात वाढलेल्या माणसालाही उंढेऱ्याचं हे प्रकरण कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे गुरू मिळाले, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. झारच्या रशियात ज्यूंवर जमावाचे हल्ले व्हायचे, तेव्हा आपल्या वस्तीचं रक्षण करणाऱ्या तरुणांच्या गटात हाफकिनही होते. त्यात अटकही झाली. विद्यापीठात पुढे जायचं तर एक सोपी वाट होती : ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा घ्यायचा. त्यांनी ती नाकारली. आपलं मासिक ख्रिस्ती कॉलेजचं आहे आणि मी स्वतः कॅथलिक आहे, म्हणून इथे जरा थांबते. नोकरीची अट म्हणून दिलेला बाप्तिस्मा हा संस्कार राहतो का? माझ्या मते नाही. तो फक्त शिक्का होतो, आणि शिक्का घ्यायला नकार देणारा माणूस मला जास्त श्रद्धावान वाटतो. (हाफकिन म्हातारपणी खरोखरच कट्टर धार्मिक झाले, ते पुढे येईलच.)

१८८८ साली ते जिनिव्हाला गेले, पुढच्या वर्षी पॅरिसला. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम मिळालं ते ग्रंथालयात. पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. युरोपातल्या मोठ्या लोकांना ती फारशी पटली नाही. मग जिथे कॉलरा कायम मुक्कामाला असतो तिथेच जाऊन सिद्ध करावं, म्हणून १८९३ मध्ये ते कोलकात्याला आले. तिथल्या बस्त्यांमधून लोकांनी त्यांच्यावर दगड मारले. त्यांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतलं, बंगाली डॉक्टरांना बरोबर घेतलं, आणि हळूहळू रांगा लागल्या. दोन-अडीच वर्षांत त्यांनी ४० हजारांवर माणसं टोचली. मलेरियाने खिळखिळे होऊन १८९५ ला परत गेले, नि पुढच्या वर्षी पुन्हा आले.

त्याच वर्षी, १८९६ च्या सप्टेंबरमध्ये, मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या कॅथलिक डॉक्टरांनी गाठीचा प्लेग ओळखला. महापालिकेत ते सदस्यही होते, त्यांनी तिथे स्पष्ट सांगितलं. लोकांना पटायला वेळ लागला, सरकारला त्याहून जास्त.

इथे स्मशानाचा विषय येतो, आणि तो मला या सगळ्या कथेचा कणा वाटतो. मुंबईत मरणाची नोंद व्हायची ती मुख्यतः स्मशानात आणि कब्रस्तानात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे कारकून बसवलेले असत. प्रेत आलं की नाव, वय, जात, राहण्याची जागा आणि मरणाचं कारण लिहून घ्यायचे. कारण म्हणजे नातेवाईक सांगतील ते. प्लेग म्हटलं की घर धुवून काढणार, माणसं वेगळी छावणीत नेणार, सामान जाळणार. मग कोण प्लेग म्हणेल? वहीत ‘ताप’ यायचा. पण कारण खोटं सांगता आलं तरी प्रेतांची संख्या कशी लपवणार? मरीन लाइन्सच्या सोनापुरात, ग्रँट रोडच्या कब्रस्तानात, शिवडीला आठवड्याला किती आले आणि एरवीच्या वर्षी त्याच आठवड्यात किती येत, एवढी वजाबाकी केली की प्लेगचा आकडा आपोआप दिसायचा. मुंबईच्या मराठीत एखादा सोनापूरला गेला म्हणजे तो गेलाच. ते सोनापूर त्या हिवाळ्यात शहराचं सगळ्यात खरं बोलणारं ऑफिस झालं होतं.

आपल्याला हे अनोळखी नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या गुजरातेत वर्तमानपत्रांचे वार्ताहर स्मशानांच्या दारात उभे राहून अंत्ययात्रा मोजत होते, कारण सरकारी आकडा आणि चितांचा आकडा जुळत नव्हता. सव्वाशे वर्षांनी रीत तीच.

१८९७ च्या मार्चमध्ये जनरल गेटेकर यांची प्लेग कमिटी आली. आता प्रेत पुरण्याआधी-जाळण्याआधी डॉक्टरने तपासायचं ठरलं. आपल्या माणसाचा देह परक्या माणसाने उघडून बघायचा, हे लोकांना सहन झालं नाही. मुसलमान समाजाने उघड विरोध केला, हिंदूंच्या मनातही तेच होतं. त्याआधी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर गिरणी कामगारांनी हल्ला केला होता, पुढे पुण्यात रँडचा खून झाला. हे सगळं वाचताना मला सरकारचा राग येतो, आणि नंतर वाटतं की प्लेगची गाठ न बघता प्लेग कसा थांबवणार होते? दोन्ही बाजूंना आपापलं प्रेत होतं. सावित्रीबाई फुले त्याच मार्चमध्ये, १० तारखेला, गेल्या. रोग्यांची सेवा करता करता त्यांनाही लागण झाली. आमच्या समाजाने त्या काळाची आठवण दगडात ठेवली आहे. वांद्र्यात, खोताच्या वाडीत, जुन्या वस्त्यांच्या नाक्यावर जे प्लेगचे क्रूस उभे आहेत ते त्याच वर्षांतले.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्येच मुंबईत पोचले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना मिळाली एक खोली नि व्हरांडा, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो, आणि युरोपात तो गोमांसाचा करत. इथे ती लस कोण घेणार, हे कोलकात्यात दगड खाल्लेल्या माणसाला कळत होतं. त्यांनी बोकडाचं मांस वापरलं. आणि रस्स्यावर थेंब थेंब तूप सोडलं. तुपाच्या थेंबाला धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढायचे, छतावरून लोंबणाऱ्या जाळ्यांसारखे. बाटली हलवली की ते तळाशी बसायचे आणि वर नवी वाढ यायची. शेवटी सगळं तापवून जंतू मारायचे, थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं, झाली लस. मला या माणसाचं हे तूप फार आवडतं. विज्ञानाच्या पुस्तकात ती एक तांत्रिक युक्ती म्हणून येईल, पण त्यात ज्यांना टोचायचं त्यांचं घर त्यांनी बघितलेलं दिसतं.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला टोचून घेतलं, आणि तेही नेहमीच्या मात्रेच्या तिपटीहून जास्त. सडकून ताप आला, उतरला. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तिथे स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली. टोचलेल्यांत २ आजारी पडले, मेलं कुणी नाही. न टोचलेल्यांत १२ आजारी, ६ मेले. तरुण आगाखानांनी स्वतः लस घेऊन खोजा समाजाला उदाहरण घालून दिलं.

मग दमण. तेव्हा ते पोर्तुगीजांचं होतं. १८९७ च्या उन्हाळ्यात तिथे प्लेगने कहर केला. २,१९७ जणांनी लस घेतली, त्यातले ३६ मेले. ६,०३३ जणांनी घेतली नाही, त्यातले १,४८२ मेले. म्हणजे शंभरातले दीड एकीकडे, चोवीस-पंचवीस दुसरीकडे. आता यापुढे काय पुरावा हवा?

पण पुरावा हवा होता, आणि हट्टी माणसाने विचारावा तो प्रश्न योग्यच होता. दमणमध्ये लस घ्यायला आलं कोण? ज्यांना वेळ होता, समज होती, जे जरा खाऊनपिऊन होते, बऱ्या घरात राहत होते ते. ते तसेही कमीच मेले असते, असं कुणी म्हणालं तर? उंदीर कुणाच्या घरात जास्त, हेही बघायला नको का? दोन गटांत लशीखेरीज दुसरा काही फरक नाही, हे दाखवणं भाग होतं.

ते उंढेऱ्यात दाखवलं. मुलूख गायकवाडांचा, बडोदे तालुक्यातलं शेतकऱ्यांचं गाव, शहरापासून सहा मैलांवर, वस्ती हजाराच्या आसपास. सयाजीरावांनी आजव्याचं पाणी नळाने बडोदे शहरात आणलं होतं. त्याने कॉलऱ्याला आळा बसतो, प्लेगला बसत नाही. १८९८ च्या सुरुवातीला प्लेग गावात शिरलेला होता, माणसं मरत होती. १२ फेब्रुवारीला हाफकिन आणि मेजर बॅनरमन तिथे आले. लोकांना कुटुंबवार उभं केलं आणि प्रत्येक घरातल्या साधारण अर्ध्या माणसांना टोचलं. पुरुष, बायका, मुलं, धडधाकट आणि अशक्त असे दोन्हीकडे सारखे यावेत अशा बेताने. ५१३ जणांना लस मिळाली. बाकीचे तसेच राहिले.

एकच छप्पर, एकच चूल, एकच उंदीर. लस एवढाच फरक.

फेब्रुवारी आणि मार्च गेले. मग घरोघर जाऊन हिशेब केला. लस दिल्यानंतर २८ कुटुंबांत प्लेग निघाला. त्या कुटुंबांत टोचलेले होते ७१. त्यातले ८ आजारी पडले, ३ मेले. न टोचलेले होते ६४. त्यातले २७ आजारी पडले आणि २६ मेले.

अहवालात हे एका ओळीत येतं, पुढे टक्केवारी येते : मृत्यूत जवळजवळ नव्वद टक्के घट. पाठ्यपुस्तकं तेवढंच उचलतात. मी ते २६ परत परत मोजले. त्या ६४ जणांनाही टोचलं असतं आणि प्रमाण तेच राहिलं असतं, तर तीनएक माणसं गेली असती. म्हणजे तेवीस-चोवीस माणसं अशी, जी त्या दिवशी रांगेत एक जागा इकडे उभी असती तर जगली असती. घरात एका भावाला सुई लागली, दुसऱ्याला नाही. आईला लागली, मुलीला नाही. मार्च महिन्यात त्या घरांतून कोण बाहेर पडलं नि कुणाला नेलं, हे कळायला गणित लागत नाही.

यावर आमच्या अभ्यासगटात एकदा चांगलीच वादावादी झाली. एकाचं म्हणणं, हा खून आहे. लस चालते हे दमणला कळल्यावर अर्ध्या घराला ती नाकारायची म्हणजे काय? दुसरीचं म्हणणं, त्या क्षणी लसच घातक नाही कशावरून, असं निम्मा देश म्हणत होता. ज्यांना टोचलं नाही ते सुटले, असंही त्या दिवशी कुणाला वाटलं असेल. मी दुसऱ्या बाजूने बोलले, पण पहिल्याचं म्हणणं माझ्या मनातून जात नाही. आज कुठलीही लस तपासताना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात, एकाला खरी देतात, दुसऱ्याला नुसतं पाणी. तेव्हा लेखी संमती घेतात, मधेच फरक ठळक दिसला तर प्रयोग थांबवून सगळ्यांना लस देतात. उंढेऱ्यात हे नियम नव्हते, ते जगात कुठेच नव्हते. त्या नियमांच्या मागे उंढेऱ्यासारखी गावं आहेत एवढं मात्र खरं. पुढे सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने हाफकिनच्या कामाच्या पद्धतीत बऱ्याच खोडी काढल्या, तरी लशीने लागण आणि मरण कमी होतं हे मान्य केलं.

१८९९ मध्ये परळचा जुना गव्हर्नरचा बंगला प्रयोगशाळेसाठी मिळाला. व्हरांड्यातला माणूस राजवाड्यात आला. लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. राणीने आधीच मानाचा किताब दिला होता. रशियातून हाकललेला ज्यू, डॉक्टरकीची पदवी नसलेला, इंग्रज लष्करी डॉक्टरांचा साहेब झाला. हे सगळ्यांना आवडलं असेल असं मानायचं कारण नाही.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव. १०७ जणांना लस दिली. पाच बाटल्या वापरल्या. आठवड्याभराने त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि १९ च्या १९ मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. बाटलीचा नंबर ५३-एन. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काही झालं नाही.

चौकशी बसली. लस जास्त प्रमाणात करता यावी म्हणून हाफकिननी कार्बोलिक ॲसिड वगळून नुसत्या उष्णतेवर भर दिला होता, हा मुद्दा त्यांच्या विरुद्ध धरला गेला. बाटली परळहूनच दूषित निघाली, असा निष्कर्ष काढला. हाफकिनना कामावरून दूर केलं, पगार बंद केला. ते लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं कागदपत्रं घेऊन दारोदार फिरले.

कागदपत्रांत एक साधी गोष्ट होती. बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट उकळून घेतला नव्हता, त्यानेच बूच काढलं. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत महिनोन्महिने वाढत असते तर उघडताच घाण वास आला असता, आणि माणसं आठवडाभर थांबून आजारी पडली नसती. म्हणजे घाण गेली ती गावात, उघडताना. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजेल असा हा युक्तिवाद आहे, पण तो समजायला सरकारला पाच वर्षं लागली. मलेरियाचं कोडं सोडवणारे रोनाल्ड रॉस या प्रकरणात पडले, १९०७ मध्ये त्यांनी आणि इतर शास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’मध्ये पत्रं लिहिली, तेव्हा कुठे त्या वर्षाच्या अखेरीस दोषमुक्ती झाली. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला असंच खोट्या आरोपात अडकवलं होतं. त्यावरून या प्रकरणाला छोटं ड्रायफस प्रकरण म्हणायची पद्धत पडली.

मला इथे आकडे शेजारी ठेवावेसे वाटतात. उंढेऱ्यातले न टोचलेले २६. मुल्कोवालचे टोचलेले १९. पहिल्या २६ जणांनी लस खरी ठरवली, पण त्यांच्यासाठी कुणी चौकशी मागितली नाही, कारण ते प्लेगने मेले होते आणि प्लेगने मरणं ही कुणाची चूक नव्हती. १९ जणांसाठी एक माणूस संपवला. सुईने मेलेला माणूस दिसतो, सुई न मिळाल्याने मेलेला दिसत नाही. तो फक्त स्मशानाच्या वहीत जास्तीचा आकडा म्हणून दिसतो, तोही कुणी वजाबाकी केली तर. १९ जणांचं मरण यामुळे लहान होत नाही. त्यांनी विश्वासाने हात पुढे केला होता, आणि तो चिमटा उकळायला पाच-दहा मिनिटं लागली असती.

हाफकिन परत आले ते कोलकात्याला. मुंबईची जागा दुसऱ्याची झाली होती. कोलकात्यात त्यांना लोकांवर प्रयोग करायची मुभाच नव्हती. कारखाना काढून घेऊन कारागिराला टेबल दिल्यासारखं. पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपला गेले. लग्न केलं नव्हतं. पॅरिसला आणि शेवटी लोझानला राहिले. तरुणपणी ज्या धर्मासाठी नोकरी सोडली तो धर्म ते आता काटेकोर पाळू लागले, परंपरेच्या बाजूने लेख लिहिला, आणि आयुष्याची कमाई पूर्व युरोपातल्या ज्यू पाठशाळांसाठी एका निधीत ठेवली. वैज्ञानिकाने म्हातारपणी देवाकडे वळावं याचं काही चरित्रकारांना आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही. इतक्या दफनभूम्या बघितलेल्या माणसाने प्रार्थना केली तर त्यात काय नवल?

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. तोवर तिथून प्लेगच्या लशीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते. नाव दिल्याचं कळल्यावर त्यांनी संचालकांना आभाराचं पत्र पाठवलं, आणि आपल्या आयुष्याची सगळ्यात चांगली वर्षं मुंबईच्या कामात गेली असं त्यात कळवलं. तक्रारीचा एक शब्द नव्हता. २६ ऑक्टोबर १९३० रोजी ते लोझानला वारले. मुल्कोवालच्या त्या दिवसाला चार दिवसांनी २८ वर्षं पूर्ण होणार होती.